प्रकाशाचा चिमटा आणि लालफीत

नोकरीच्या काळात फायलींवर लिहिलेले बहुतेक शेरे मी विसरलो आहे. एक मात्र विसरता आलेला नाही. विज्ञानाशी संबंधित एका खात्यात खर्चाच्या प्रस्तावांवर वित्तीय सल्ला देण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. एका संशोधन संस्थेची फाइल टेबलावर आली. मागणी एका लेसरची होती. तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, पुरवठादार एकच आणि तोही परदेशी. मी समासात लिहिले की, एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याचे समर्थन अपुरे वाटते. याच कामासाठी अधिक स्वस्त पर्याय का चालू नये, याचा खुलासा व्हावा.

शेरा नियमाला धरून होता. आजही लेखापरीक्षक त्यात चूक काढू शकणार नाही. खुलासा आला, त्यावर दुसऱ्या टेबलाने आणखी एक शंका काढली, मार्च उलटला, तरतूद व्यपगत झाली, नव्या वर्षात नव्याने मंजुरी घ्यावी लागली आणि तोवर दरपत्रकाची मुदत संपून गेली. लेसर संस्थेत पोहोचला तेव्हा सव्वा वर्ष लोटले होते. ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी तो मागवला होता, त्याची शिष्यवृत्ती संपत आली होती. त्याने विषय बदलला आणि पुढे तो परदेशी गेला, एवढेच मला नंतर कळले.

त्या ७८० या आकड्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर समजला. मी इतिहासाचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध फायलींपुरता. पण आज देशात क्वांटम संगणकाची चर्चा ज्या सुरात चालली आहे, ती ऐकताना तो आकडा पुन्हा पुन्हा आठवतो. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो.

रुबिडियम हा मऊ, चंदेरी धातू. ३९ अंश सेल्सिअसला तो वितळतो, म्हणजे आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी तो बशीत ठेवला तर पाणी होईल (हवेत ठेवला तर त्याआधी पेटेल, ते वेगळे). त्याची किंचितशी वाफ निर्वात केलेल्या काचेच्या कुपीत सोडली, तर तिच्यातला प्रत्येक अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर या वेगाने, प्रवासी विमानाहूनही जलद, इकडून तिकडे धावत असतो. या अणूला ७८० नॅनोमीटरचा प्रकाश अगदी नेमका मानवतो. तो प्रकाशकण गिळताना अणूला समोरून हलकासा धक्का बसतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरने कमी होतो. ३०० मीटरसमोर ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. पण असे ५० हजार धक्के लागोपाठ बसले, तर अणू जवळजवळ उभा राहतो. आणि अणू सेकंदाला कोट्यवधी प्रकाशकण गिळू शकत असल्याने हे सारे काही हजारांश सेकंदांत उरकते.

यात एक युक्ती आहे. लेसरची तरंगलांबी अणूला मानवणाऱ्या तरंगलांबीपेक्षा अगदी किंचित जास्त ठेवायची. मग जो अणू लेसरच्या दिशेने धावत येतो, त्यालाच तो प्रकाश बरोबर जुळतो; जो दूर पळतो आहे, त्याला तो जुळत नाही. जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीची शिट्टी अधिक तीव्र ऐकू येते, तेच तत्त्व. सहा दिशांनी सहा किरण सोडले की अणू कोणत्याही बाजूला धावला तरी समोरून त्याला विरोध होतो आणि तो मधात पडलेल्या माशीसारखा मंदावतो. अशा रीतीने थंड झालेला अणू निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या केवळ काही लाखांश भागांवर येऊन पोहोचतो. त्याचे तापमान एवढे उतरले तरी कुपी, टेबल आणि खोली नेहमीच्याच तापमानाला असतात. थंड झालेले असतात ते फक्त अणू.

आता माझ्या शेऱ्याकडे वळा. 'अधिक स्वस्त पर्याय' म्हणजे दुसऱ्या तरंगलांबीचा किंवा तरंगलांबी स्थिर न ठेवणारा लेसर. रुबिडियमच्या दृष्टीने तो लेसर नव्हेच. मी कुलूप न पाहता किल्ली स्वस्त का मिळत नाही, असे विचारले होते.

मंदावलेले अणू पकडून ठेवण्यासाठी दुसरा एक लेसर अत्यंत बारीक बिंदूवर केंद्रित करतात. प्रकाश जिथे सर्वाधिक तेजस्वी, तिथे अणू ओढला जातो आणि अडकून राहतो. हा प्रकाशाचा चिमटा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन यांनी १९७० पासून या कल्पनेवर काम केले, १९८६ मध्ये एकाच किरणाचा चिमटा करून दाखवला आणि २०१८ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी त्यांना नोबेल मिळाले. अणू थंड करण्याच्या तंत्रासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना ते १९९७ मध्येच मिळाले होते. एका चिमट्यात एकच अणू धरण्याचे काम २००१ मध्ये फ्रान्समधल्या ओर्से येथे फिलिप ग्रांजिए यांच्या गटाने केले. आज असे शेकडो, हजारो चिमटे एकाच वेळी एखाद्या जाळीसारखे मांडता येतात आणि प्रत्येकात एक अणू म्हणजे एक क्यूबिट.

अडचण अशी की, चिमट्यात अणू सापडतो तो नशिबाने. साधारण निम्मे चिमटे रिकामे राहतात. मग कॅमेऱ्याने छायाचित्र घेऊन रिकाम्या जागा हेरायच्या आणि हलत्या चिमट्यांनी अणू उचलून तिथे नेऊन ठेवायचे. हे तंत्र २०१६ मध्ये हार्वर्ड आणि पॅरिसजवळच्या दोन गटांनी दाखवले. चीनमधल्या एका गटाने अलीकडे २०२४ अणूंची जाळी एकही जागा रिकामी न ठेवता ६० मिलिसेकंदांत भरून दाखवली. रिक्त पदे भरण्याचा हा वेग वाचून, आयुष्यभर बिंदुनामावल्या तपासत बसलेल्या माझ्यासारख्याला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

शेजारी शेजारी बसवलेल्या या अणूंना एकमेकांशी बोलायला लावण्याचाही मार्ग आहे. योग्य लेसरने अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन फार दूरच्या कक्षेत पाठवला की अणू मूळ आकाराच्या हजारो पट फुगतो. या स्थितीला रिडबर्ग अवस्था म्हणतात. एक अणू असा फुगला की काही मायक्रोमीटरच्या परिसरातल्या दुसऱ्याला फुगता येत नाही. 'तू उठलास तर मी उठणार नाही' या एका अटीवर गणनेची मूलभूत क्रिया उभी राहते. या वाटेने जगात किती मजल मारली गेली, ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डच्या गटाने ४८ तार्किक क्यूबिटांवर गणना करून दाखवली. तार्किक म्हणजे अनेक अणू मिळून केलेला, चूक सापडू शकेल असा एक भरवशाचा क्यूबिट. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकने ६,१०० अणू एकाच जाळीत धरले. हार्वर्डच्याच लोकांनी ३,००० अणूंची जाळी, निसटणाऱ्या अणूंच्या जागी नवे घालत, दोन तासांहून अधिक काळ चालू ठेवली.

तोटेही आहेत. ही यंत्रे मंद आहेत. अतिवाहक परिपथांवरचे क्यूबिट एक क्रिया जेवढ्या वेळात करतात, त्याच्या कित्येक पट वेळ अणूंना लागतो. अणू चिमट्यातून निसटतात. शर्यतीत शेवटी कोण पुढे जाईल, हे आज कोणी सांगू नये आणि माझ्यासारख्याने तर मुळीच सांगू नये. मला बोलायचे आहे ते शर्यतीबद्दल नव्हे, तबेल्याबद्दल.

त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल. अलाहाबाद विद्यापीठात मी एम.ए. करत होतो तेव्हा भौतिकशास्त्र विभागावरून रोज सायकलने जात असे. मेघनाद साहा यांनी १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे तिथे शिकवले, एवढेच तेव्हा माहीत होते. अणू विशिष्ट रंगाचाच प्रकाश गिळतो आणि तो गिळताना त्याला धक्का बसतो, म्हणून प्रकाशाचा दाब सर्व अणूंवर सारखा न पडता निवडक अणूंवर पडतो, ही कल्पना साहा यांनी सूर्याच्या वातावरणासंबंधी मांडली होती, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा ते कोलकात्यात विशीतले अध्यापक होते आणि साल होते १९१७. वर रुबिडियमची जी गोष्ट सांगितली, तिचे बीज हेच. साहा यांच्याकडे लेसर नव्हता. जगातच तो यायला आणखी चार दशके होती. त्यांनी सूर्याकडे पाहून जे ताडले, ते आज प्रयोगशाळेच्या टेबलावर घडते.

त्या प्रबंधाचे पुढे काय झाले, ते प्रत्येक वित्तीय सल्लागाराने वाचायला हवे. साहा यांनी तो अमेरिकेच्या 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे पाठवला. संपादकांना तो पसंत पडला, मात्र लेख मोठा असल्याने छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने उचलावा, असे कळवण्यात आले. तुटपुंज्या पगारातून ते शक्य नव्हते. १९१९ मध्ये तिथे केवळ एक छोटे टिपण आले आणि मूळ विस्तृत प्रबंध कोलकाता विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला, जिथे तो जगातल्या फार थोड्यांनी पाहिला. पुढे युरोपात या विषयावर जे काम झाले, त्यात आपला वाटा विसरला गेल्याची खंत साहा यांनी १९४६ मध्ये एका पत्रात नोंदवली आहे. १९३३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ओटो फ्रिश यांनी सोडियमच्या दिव्याच्या प्रकाशाने सोडियमचे अणू खरोखर किंचित ढकलून दाखवले. मूळ कल्पना आपल्याकडे होती, छपाईचे पैसे नव्हते.

असाच दुसरा दुवा मुंबईचा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर, लेसरचा शोध लागून पाचएक वर्षे होत होती तेव्हा, ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला होता. त्याच्या किरणावरून ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात संपर्क साधण्याचा प्रयोगही झाला. अणू थंड करण्यासाठी जगभर आज जे लेसर वापरतात, त्यांतले बरेचसे याच अर्धवाहक कुळातले आहेत. पुढे १९८४ मध्ये इंदूरला लेसर आणि त्वरकांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. म्हणजे आपण या क्षेत्रात नवखे नव्हतो. तरीही माझ्या टेबलावर आलेल्या फायलीत पुरवठादार एकच आणि परदेशी होता, आणि तो तसा असणे शास्त्रज्ञांना इतके स्वाभाविक वाटत होते की देशी पर्यायाचा उल्लेखदेखील फायलीत नव्हता. खरा प्रश्न मी तोच विचारायला हवा होता : हा लेसर आपण का बनवत नाही? तसा रकाना नमुन्यात नव्हता.

आता वर्तमानाकडे. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात क्वांटम तंत्रज्ञानासाठी पाच वर्षांत ८,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम अभियानाला प्रत्यक्ष मंजुरी दिली १९ एप्रिल २०२३ रोजी. तेव्हा रक्कम होती ६,००३.६५ कोटी आणि मुदत २०३०-३१ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे. वर्षाला १,६०० कोटींचे साडेसातशे कोटी झाले. घोषणा आणि मंजुरी यांतले हे अंतर मला नवे नाही. घोषणेचा आकडा सभागृहासाठी असतो, मंजुरीचा खर्च विभागासाठी. मला अधिक बोलका वाटला तो उद्दिष्टांचा मसुदा. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक, 'अतिवाहक आणि प्रकाशीय यांसारख्या' मंचांवर. उदासीन अणूंचे नाव त्या वाक्यात नाही. ते 'यांसारख्या'मध्ये सामावले आहेत. सरकारी मसुदे लिहिण्यात हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, ज्याचे नाव वाक्यात असते त्याला तरतूद मिळते. जो 'यांसारख्या'मध्ये असतो, त्याला बैठकीचे निमंत्रण मिळते.

हे अन्याय्य आहे, अशी माझी तक्रार नाही. आक्षेप मोजमापाला आहे. उद्दिष्ट क्यूबिटांत मांडले की क्यूबिट मिळवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे यंत्र आणणे. आंध्र प्रदेशाने अमरावतीत 'क्वांटम व्हॅली' जाहीर केली आणि तिथे आयबीएमचे १५६ क्यूबिटांचे यंत्र येणार असल्याचे सांगितले. कर्नाटकाने १,००० कोटींची योजना पुढे केली. राज्याराज्यांत चढाओढ लागणे वाईट नाही. बंगळुरूच्या एका नवउद्यमाने २५ क्यूबिटांचा अतिवाहक संगणक जोडून दाखवला, हेही कौतुकाचे. पण अतिवाहक क्यूबिट चालवायला चिप केल्विनच्या शतांश भागाएवढी थंड ठेवावी लागते. त्यासाठी लागणारी शीतयंत्रे जगात मोजक्या कंपन्या बनवतात आणि त्यांत लागणारा हेलियम-३ हा वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमपासून मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम संगणक, त्यांचे काही घटक आणि अतिशीत यंत्रणा यांच्या निर्यातीवर नवी परवाना-बंधने घातली. क्रायोजेनिक इंजिनाची आठवण असलेल्या पिढीला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. १९९३ मध्ये रशियाने दबावाखाली तंत्रज्ञान देण्याचे नाकारले आणि स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह जीएसएलव्ही यशस्वी व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडावा लागला.

उदासीन अणूंच्या यंत्रात असे एकच अवघड कुलूप नाही. तिथे आहेत लेसर, लेसरचा किरण वळवणारे स्फटिक, चिमट्यांची जाळी रेखणारे प्रकाश-नियंत्रक, संवेदनशील कॅमेरे, निर्वात पंप, काचेची कुपी आणि खूप सारे इलेक्ट्रॉनिक्स. यांतली एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही आणि यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आज आपण आयात करतो. सर्वांत महत्त्वाचा घटक, म्हणजे अणू, निसर्ग फुकट देतो आणि एकसारखा देतो. दोन रुबिडियम अणूंमध्ये कारखान्याची खोट नसते. बंगळुरूची रामन संशोधन संस्था, पुण्याची आयसर, मुंबईची टाटा संस्था, अशा ठिकाणी थंड अणूंवर काम करणारी माणसे वर्षानुवर्षे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने लेसरने थंड केलेल्या सिझियम अणूंचे कारंज्यासारखे चालणारे घड्याळ उभारले आहे. माणसे आहेत, अणू आहेत. मधली हत्यारे नाहीत.

आणि ही हत्यारे केवळ संगणकासाठी लागतात असे नाही. उद्या उदासीन अणूंचा संगणक मागे पडला, तरी तोच लेसर आणि तीच कुपी अणुघड्याळाला लागेल, गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक मोजून भूगर्भातले पाणी किंवा खनिज शोधणाऱ्या उपकरणाला लागेल, पाणबुडीच्या दिशादर्शनाला लागेल. अणुघड्याळाचा धडा आपण महागात शिकलो आहोत. आपल्या दिशादर्शन मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची, युरोपातून घेतलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट झाले. उपग्रह धडधाकट, पण वेळ सांगता येईना, म्हणजे दिशादर्शनापुरता तो आंधळा. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादला तयार झालेले देशी रुबिडियम घड्याळ बसले. ही घड्याळे जुन्या तंत्राची आहेत, त्यांत लेसरने अणू थंड करत नाहीत. धातू मात्र तोच आणि धडाही तोच.

मग करायचे काय? २०२० मध्ये सरकारने एक उत्तर दिले होते. २०० कोटींखालच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायच्या नाहीत, असा नियम झाला आणि जेम पोर्टलवरून खरेदी करण्याचा आग्रह वाढला. हेतू देशी उद्योगाचा होता. पण जे देशात बनतच नाही, त्याची जागतिक निविदा बंद केल्याने ते देशात बनू लागत नाही, फक्त प्रयोग थांबतो. जुलै २०२२ पासून सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची जीएसटीची सवलतही गेली. म्हणजे एका खिशातून दिलेले अनुदान दुसऱ्या खिशात परत आले. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने चूक बरीचशी दुरुस्त केली. संशोधन संस्थांच्या प्रमुखांना जेमबाहेर खरेदीची मुभा आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांचे अधिकार मिळाले, निविदेशिवाय थेट खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाखांवर गेली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. माझ्या काळात तो असता तर माझा तो शेरा लिहिलाच गेला नसता.

परंतु सुलभ आयात हे धोरणाचे निम्मे अंगच झाले. उरलेल्या निम्म्यासाठी माझी सूचना अशी. अभियानातल्या रकमेचा एक ठरावीक हिस्सा क्यूबिटांपासून तोडून फक्त हत्यारांसाठी ठेवावा आणि तो दोन टेबलांच्या हिशेबाने खर्च करावा. पहिल्या टेबलावर शास्त्रज्ञाला हवा तो लेसर, जगात कुठूनही, सहा आठवड्यांत. दुसऱ्या टेबलावर, त्याच प्रयोगशाळेत, देशी उत्पादकाचा लेसर, जो पहिल्या दिवशी नक्कीच कमी प्रतीचा असेल. शास्त्रज्ञाचा प्रयोग पहिल्या टेबलावर चालेल. दुसऱ्या टेबलावर उत्पादकाला आपली चूक कुठे आहे, ते रोज दिसेल. सरकारने अशा पहिल्या शे-दोनशे नगांच्या खरेदीची लेखी हमी द्यावी. पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत असे छोटे उद्योजक आहेत की ज्यांना अनुदान नको असते, मागणीची खात्री हवी असते. लेखापरीक्षक विचारील की एकाच कामासाठी दोन लेसर का? तो प्रश्न मीही विचारला असता. त्याचे उत्तर अभियानाच्या मंजुरीतच लिहून ठेवावे, म्हणजे प्रत्येक संस्थेला ते वेगळे द्यावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाहूनही अवघड. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी काही शे रुपयांच्या उपकरणांवर नोबेल मिळवले, असे आपण अभिमानाने सांगतो. या कौतुकाने आपले बरेच नुकसान केले आहे. त्या अभिमानाआड खात्यांनी काटकसर लपवली आणि प्रयोगशाळांनी कारागीर गमावले. काच फुंकणारा, निर्वात नळीची गळती हाताने शोधणारा, लेसरची तरंगलांबी स्थिर ठेवणारे परिपथ जोडणारा तंत्रज्ञ हा कोणत्याही वेतनश्रेणीत नीट बसत नाही. एक निवृत्त झाला की ते पद गोठवले जाते आणि काम बाहेरच्या एजन्सीकडे जाते. अभियानातून पदे मिळतात ती अभियानाच्या मुदतीपुरती. निर्वात कक्षाची सवय हाताला लागायला मात्र चार-पाच वर्षे जातात.

गेल्या हिवाळ्यात मी ती प्रयोगशाळा पाहायला गेलो, जिची फाइल माझ्याकडे आली होती. बोलावणे मीच मागून घेतले. विभागप्रमुख बाईंनी फाइलचा विषय काढला नाही, मीच काढला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तो लेसर अजून चालतो. चला, दाखवते." अंधाऱ्या खोलीत पोलादी टेबलावर शेकडो आरसे आणि भिंगे दाटीवाटीने बसवलेली होती. मधोमध मुठीएवढी काचेची कुपी. पडद्यावर, अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात, कुपीच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका तरंगत होता. ते लक्षावधी अणू होते, उभे राहिलेले. वातानुकूलन यंत्राचा आवाज बदलला तसा ठिपका थरथरला आणि विझला. कोपऱ्यातला एक तिशीचा तरुण उठला, एका खुंटीला नखाएवढे फिरवले, दुसऱ्या हाताने कसलासा खटका दाबला आणि ठिपका परत आला. त्याने पडद्याकडे पाहिलेही नव्हते.

बाहेर आल्यावर मी त्याच्याबद्दल विचारले. विज्ञानाचा पदवीधर, सात वर्षे इथेच, यंत्रणेची खडान् खडा माहिती असलेला. नवे विद्यार्थी त्याच्याकडूनच शिकतात. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची, दर वर्षी एक महिन्याचा खंड देऊन. या वर्षीची मुदत ३१ मार्चला संपते. मुदतवाढीचा प्रस्ताव नोव्हेंबरात पाठवला आहे, बाई म्हणाल्या. त्यावर वित्त विभागाने खुलासा मागवला आहे.